वळणात गाडी गोल फिरते, काय करू?

प्रश्न: दादा, मी रत्नागिरीचा. पावसात लाईट असली की सिम्युलेटरवर (गाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेमवर) पोर्शे ९११ जीटी३ आरएस चालवतो. वळणात जरा जास्त स्पीड वाटला म्हणून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट पुढे येते आणि मी थेट भिंतीत! सेटिंग चुकतंय का?

उत्तर: सेटिंग नाही रे, पाय चुकतोय. ह्या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं असतं, म्हणजे स्कूटरच्या कॅरियरला आंब्याच्या दोन पेट्या बांधून घाट उतरल्यासारखं. तू पाय झटकन उचललास की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात नि मागचं ते धूड बाहेर फेकलं जातं. ब्रेक सरळ रस्त्यावरच जोरात मार, मग स्टिअरिंग वळवत जाशील तसा हळूहळू सोड, आणि वळणाच्या मध्यावर हलकासा ॲक्सिलरेटर दे, गाडी मागे बसते आणि मग निघते बघ, ५२५ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकद आहे! मागच्या पंखावर फार विसंबू नकोस हां, ताशी २८५ किलोमीटरच्या स्पीडला तो पंख नि गाडीचा बाकी सगळा एरो (हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारे भाग) मिळून ८६० किलो दाबतो, पण हळू वळणात जवळपास शोभेचाच.