‘पी५३ पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर झाला का?

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे आहेत, वीसेक वर्षं तंबाखू-चुना खातात. गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याची बायॉप्सी केली. रिपोर्टमध्ये ‘ल्युकोप्लेकिया, मध्यम डिस्प्लेसिया, पी५३ पॉझिटिव्ह, केआय-६७ ३० टक्के’ असं लिहिलंय. हा कॅन्सरच ना? – एक वाचक, अकोला

उत्तर : या रिपोर्टवरून तरी नाही. ल्युकोप्लेकिया म्हणजे हा पांढरा चट्टाच. कॅन्सर आहे की नाही, हे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर ठरतं. गालाच्या आतल्या अस्तरातल्या पेशी बिघडल्या आहेत, पण तळपडदा (अस्तराखालचा पातळ पडदा) ओलांडून खाली उतरलेल्या नाहीत, तोवर तो डिस्प्लेसिया. खाली उतरल्या की कॅन्सर. पी५३, केआय-६७ अशा प्रथिनांची (यांनाच ‘मार्कर’ म्हणतात) तपासणी या निदानाला जोड देते, त्याची जागा घेत नाही.

पी५३ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन. निरोगी पेशीत ते तयार होतं आणि लगेच मोडतं, त्यामुळे तळाच्या थरात तुरळक, फिकट तपकिरी केंद्रकं दिसतात. जनुक बिघडलं की बहुतेक वेळा प्रथिन मोडत नाही, साठत जातं. मग गडद केंद्रकं सलग आणि वरच्या थरांपर्यंत दिसू लागतात. नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वरून म्हणूनच फारसं कळत नाही. पॅथॉलॉजिस्टना विचारा : रंग गडद की फिकट? तळाशीच की वरपर्यंत?

केआय-६७ विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशी दाखवतं. ३० टक्के कुठल्या थरातले, हे लिहिलेलं नसेल तर आकडा लटकत राहतो. शिवाय चट्ट्यावर बुरशी बसली असेल किंवा धारदार दात सतत घासत असेल, तरीही हा आकडा वाढतो. इतके टक्के म्हणजे धोका, अशी सर्वमान्य सीमा नाही.

गफलत बरेचदा बायॉप्सीचा तुकडा घेतानाच होते. तो तिरका कापला गेला तर तळाच्या पेशी वरच्या थरात असल्यासारख्या दिसतात आणि दोन्ही मार्कर फुगतात. चिमट्यात चेंगरला तर केंद्रकं वाचताच येत नाहीत. फॉर्मॅलिनऐवजी (पेशी टिकवणारा द्रव) सलाइनमध्ये टाकून प्रयोगशाळेत पाठवला तर पेशी वाटेतच सडू लागतात. तुकडा लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात जायला हवा.

मध्यम डिस्प्लेसियाचा चट्टा शक्यतो पूर्ण काढतात. काढल्यावरही धोका शून्य होत नाही, म्हणून तंबाखू आजच बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. चट्ट्यात लाल भाग, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा) आणि स्लाइड मागून घ्या. दुसरं मत त्यांवरच मिळतं, रिपोर्टच्या झेरॉक्सवर नाही.

प्रश्न : भावाच्या रिपोर्टमध्ये पी५३ पूर्ण निगेटिव्ह आहे. म्हणजे सुटलो? – सांगली

उत्तर : तसं समजू नका. काही बिघाडांत प्रथिन तयारच होत नाही आणि बिघडलेला भाग पूर्ण कोरा दिसतो. हाही दोषच. मात्र आधी त्याच स्लाइडवरच्या शेजारच्या निरोगी पेशी पाहाव्या लागतात. त्यांच्यात नेहमीचा फिकट रंग आला असेल, तरच हा कोरेपणा खरा. त्याही कोऱ्या असतील तर रंगाची प्रक्रियाच फसली आहे. तपासणी पुन्हा करून घ्या.

प्रश्न : खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंड उघडत नाही, तिखट झोंबतं. कोणता मार्कर करू? – नागपूर

उत्तर : आधी पट्टी घ्या. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. मोठ्या माणसात ते साधारण ३५ किंवा जास्त असतं. तुमची लक्षणं सबम्युकस फायब्रोसिसची आहेत. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे अस्तराखाली कोलॅजन (तंतुमय प्रथिन) पट्ट्यांसारखं साठतं आणि गाल ताठरतो. सुपारी सोडली तरी साठलेले पट्टे सहसा विरत नाहीत, पण पुढची वाढ मंदावते. तंबाखू टाकून नुसती सुपारी चालू ठेवणं, ही तर खास आपल्याकडची पळवाट! मार्करवर पैसे घालवण्याआधी दंतवैद्याकडून पूर्ण तोंड तपासून घ्या. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर बायॉप्सी.

प्रश्न : लाळेवरून कॅन्सर कळतो म्हणतात. घरच्या सगळ्यांची करावी का? – ठाणे

उत्तर : नको. आयएल-८सारखी (सुजेशी संबंधित) प्रथिनं लाळेत मोजता येतात, पण हिरड्या सुजल्या असल्या तरी ती वाढलेली येतात. उलट, आकडा नॉर्मल आला म्हणून चट्ट्याची बायॉप्सी टाळली जाते, ते जास्त महागात पडतं.