वाडीत पाळ्या लावताय ना, मग एवढं आधी करा

वहिनी, तुमच्या वाडीने मिळून आजारी आजींचं आळीपाळीने बघायचं ठरवलंत, बरं केलंत. त्यांचा मुलगा मुंबईला, तो येणार गणपतीला नि शिमग्याला. मधले दिवस शेजाऱ्यांनीच निभवायचे असतात.

सुरुवातीला सगळेच 'मी आहे' म्हणतात, नि आठवड्याभरात भार पडतो एकाच घरच्या सुनेवर. म्हणून पहिल्याच दिवशी वार वाटून घ्या. पुरुषांनाही द्या, रिक्षा बोलावली की त्यांचं काम संपलं, असं नाही. लावणीत कोणालाच सवड नसते, तेव्हाच्या पाळ्या मे महिन्यातच ठरवा.

दुसरं, उशाशी एक वही. गोळी दिली की वेळ लिहून सही. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. सकाळी एकीने शुगरची गोळी दिली, दुसरीने पेजेबरोबर पुन्हा दिली! साखर एकदम उतरली तर जिवावर बेततं. वहीच्या पुठ्ठ्यावर रुग्णवाहिकेचा १०८, गावच्या आशा सेविकेचा आणि मुलाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहा.

बाकी थोडक्यात:
- अंथरुणाला खिळल्या असतील तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात.
- पैशांचा हिशेब एकाकडेच ठेवा. दर महिन्याला हिशेबाचा फोटो मुलाला पाठवा.
- अंघोळ कोणाच्या हातून चालेल, ते आजींनाच विचारा. हे हमखास राहून जातं.

लघवीची नळी हाताळणं, व्यायाम करवून घेणं वगैरे आत्ता नको. ते नर्सबाईंकडून शिकून मगच. पहिला महिना पाळ्या नि वही जमली तरी पुष्कळ. आणि हो, पाऊस लागायच्या आत महिन्याभराच्या गोळ्या आणून ठेवा.