हेडलाइटचं नंतर बघू, आधी गाडीचा विमा काढा

नारायणगावचे एक वाचक लिहितात: "2011 चा पिकअप आहे. रात्री टोमॅटो घेऊन वाशीला जातो. लाइट मंद वाटायचे म्हणून 100/90 वॅटचे (अप्पर 100, डिपर 90) बल्ब टाकले. वर्षात तिसऱ्यांदा हेडलाइटचा स्विच जळला. वायरमन पूर्ण वायरिंगचे 22 हजार सांगतो. त्यापेक्षा साडेनऊ लाखांची नवी गाडी घेऊ का? दोन लाख रोख, बाकी कर्ज. तीन वर्षांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसे डबल होतील, त्यातून फेडीन. या जूनमध्ये पॉलिसीचा 60 हजारांचा दुसरा हप्ता भरला, म्हणून गाडीचा विमा राहिला."

दादा, तुम्ही विचारलंत स्विचबद्दल, पण मला धडकी भरली ती शेवटच्या वाक्याने. लाइट दगा देणारी गाडी तुम्ही घाटातून रात्री विम्याशिवाय चालवताय. तुमच्या गाडीच्या धडकेने महिना 20 हजार कमावणारा 32 वर्षांचा माणूस दगावला, मागे चार-पाच जण अवलंबून असले, तर अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाचा हिशेब असा: वर्षाचे 2.4 लाख, त्यावर पुढे वाढणाऱ्या कमाईचे 40 टक्के, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, गुणिले 16 (वयानुसार ठरलेला आकडा). झाले 40 लाख. विमा नसेल तर ते मालकाच्या डोक्यावर, म्हणजे घर-शेतीपर्यंत वसुली. थर्ड पार्टी विम्याचा (दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा) हप्ता करासह 17-18 हजारांच्या आसपास आहे. तो आज भरा. गाडीच्या विम्यावरची तारीख-वेळ सुरू होईपर्यंत गाडी दारात उभी ठेवा, एक खेप बुडाली तरी चालेल. फिटनेसच्या (गाडी चालवण्यालायक असल्याच्या) दाखल्याची तारीखही बघा; आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला तो दरवर्षी लागतो.

आता ते "डबल". तुमची पॉलिसी 15 वर्षांची, विमा रक्कम 6 लाख. तीन वर्षांनी तुम्ही पाच हप्त्यांचे 3 लाख भरलेले असतील आणि हमीचं सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच मोडल्यावर मिळणारी रक्कम) त्याच्या निम्मं, दीड लाख. पूर्ण 15 वर्षं 9 लाख भरून साडेपाच टक्क्यांनी हातात येतील 14 लाख. तेही डबल नाहीत! तीन वर्षांत डबल सांगून हे गळ्यात मारणाऱ्याला ते लेखी मागा, देणार नाही. कंपनीकडून आजचं सरेंडर मूल्य आणि पेड-अप रक्कम (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी) लेखी घ्या. माझं मत: तिसरा हप्ता भरू नका, पण त्याआधी 50 लाखांचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) हातात येऊ द्या.

नवी गाडी नको. साडेसात लाख, 11 टक्के, पाच वर्षं: महिना 16,300, एकूण पावणेदहा लाख. एवढं एका स्विचपायी?

स्विच जळतो तो लोडने. दोन 90 वॅट म्हणजे 12 व्होल्टला 15 अँपिअर. मूळच्या 55 वॅटला 9 पुरतात. जुन्या स्विचचे पॉइंट तापतात, प्लास्टिक वितळतं. ते बल्ब नियमातही बसत नाहीत. 60/55 लावा. अप्पर आणि डिपरला स्वतंत्र 30 अँपिअरचे रिले (बल्बचा करंट स्वतः वाहून स्विचवरचा लोड काढणारे) टाका: बॅटरीजवळ 20 अँपिअर फ्यूज, तिथून अडीच चौरस मिमीची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला, 87 वरून बल्ब, 86 ला स्विचची वायर, 85 अर्थला. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तेव्हा ही जोडणी बदलते. वायरमनने आधी टेस्टलॅम्पने बघावं. करपलेले होल्डर बदला, अर्थचा बोल्ट घासून घट्ट करा. लाइट लावून बॅटरीवर आणि बल्बवर व्होल्टेज मोजा; फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर गंज किंवा ढिला जोड अजून शिल्लक आहे.

स्विच, रिले, होल्डर, मजुरी धरून पाच-सहा हजारांत हे व्हावं. पूर्ण वायरिंगचे 22 हजार तेव्हाच द्या, जेव्हा टेप सोडल्यावर आतल्या वायरींचं आवरण कडक होऊन तडकलेलं दिसेल.