उजवीकडे शून्यच का लागतं?

प्रश्न: मॅडम, (क्ष − ३)(क्ष + ५) = ० असं असलं की दोन्ही कंस शून्य धरून आम्ही ३ आणि −५ लिहितो, ते जमतं. पण परीक्षेत (क्ष − ३)(क्ष + ५) = ९ आलं, मी तसंच दोन्ही कंस ९ धरले तर १२ आणि ४ आलं. बरोबर उत्तर ४ आणि −६ आहे म्हणे. मग माझं अर्धंच कसं बरोबर आलं?

उत्तर: तुझं ४ नशिबानं आलंय, आणि असं आलेलं उत्तर फार फसवतं बघ, कारण वाटतं रीत बरोबरच आहे, कुठंतरी चिन्ह चुकलं असेल. १२ टाकून बघ. पहिला कंस ९ होतो खरा, पण दुसरा होतो १७, गुणाकार १५३! ४ टाकलंस तर पहिला १ आणि दुसरा ९, म्हणून जमून गेलं. तो १ आला नसता तर ४ पण चुकलंच असतं.

खरी गोम शून्यात आहे. दोन संख्यांचा गुणाकार ९ आहे एवढंच सांगितलं तर त्या कुठल्या हे कसं कळणार, १ आणि ९, ३ आणि ३, −१ आणि −९, अर्धा आणि १८, किती जोड्या सांगू. पण गुणाकार शून्य म्हटला की दोन्हीतली एक तरी शून्य असायलाच हवी, दुसरी काहीही असो. म्हणून आधी कंस सोडव, ९ डावीकडे घे, क्ष² + २क्ष − २४ = ० होईल, आणि आता नव्यानं अवयव पाड: (क्ष + ६)(क्ष − ४) = ०. आयते मिळालेले अवयव मोडायचं जिवावर येतं, माहितेय मला, पण करावंच लागतं. −६ चा पडताळा घे, −९ गुणिले −१, आले ९.

अजून एक, क्ष² = ७क्ष दिसलं की बरेच जण दोन्हीकडे क्षनं भागतात आणि ७ लिहून मोकळे होतात. तिथं एक उत्तर हरवतं, कारण क्ष स्वतःच शून्य असेल तर त्यानं भागताच येत नाही. ७क्ष डावीकडे आण, क्ष सामाईक काढ, क्ष(क्ष − ७) = ०, मग ० आणि ७ दोन्ही मिळतात. कंसाबाहेर एकटा उभा असलेला क्षसुद्धा अवयवच असतो.

कंस कितीही असले तरी रीत तीच. क्ष(क्ष − २)(२क्ष − ७) = ० मध्ये ०, २ आणि ७/२. शेवटचं घाईत ७ लिहिलं जातं, २ नं भागायचं राहून जातं, तेवढं बघ.