दाढीनंतरचा गारवा घरी करताना

घरगुती आफ्टरशेव्हबद्दल येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच समज असतो: जितकं झोंबेल तितकं चांगलं. झोंबतं ते पात्यानं सोललेल्या कातडीवर अल्कोहोल लागल्यामुळे. गारवा ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती न झोंबता मिळते.

बाजारातल्यासारखा गारवा येण्यासाठी काय घालावं? नुसतं गुलाबपाणी काहीच जाणवत नाही. (गुहागर)

आपल्याकडच्या दमट हवेत पाणी चेहऱ्यावरून चटकन उडत नाही, म्हणून गुलाबपाणी कोमट वाटतं. अल्कोहोल मात्र दमट हवेतही झपाट्यानं उडतं आणि कातडी थंड करतं. मेन्थॉल तापमान उतरवत नाही, ते गारव्याची संवेदना देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. दोन्ही मिळून हवा तो तजेला येतो.

100 मिलीसाठी औषधाच्या दुकानातलं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल 63 मिली, ग्लिसरीन दीड मिली आणि मेन्थॉल 0.2 ग्रॅम घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 0.2 ग्रॅम तोलता येत नाही. सोनाराकडून 2 ग्रॅम मेन्थॉलचे खडे (पुदिन्याचं फूल) तोलून घ्या, ते त्याच अल्कोहोलमध्ये विरघळवून एकूण 20 मिली करा आणि त्यातलं 2 मिली सिरिंजनं घ्या. हे मिश्रण आधी अल्कोहोलमध्ये घाला, मग ग्लिसरीन, आणि शेवटी थोडं थोडं करत 100 मिलीपर्यंत गुलाबपाणी. गारवा अर्ध्या-एक मिनिटानं चढतो. तेवढा धीर नसलेले लोक मेन्थॉल वाढवतात आणि मग डोळ्यांतून पाणी काढत बसतात. ग्लिसरीनही वाढवू नका, घामात चिकचिकतं.

पहिले 7 दिवस दिवसातून दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर चेहऱ्याला लावू नका. इसब असलेल्यांनी करण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं.

तुरटी घातली तर तळाशी खडे साचतात. भेसळ आहे का? (मालवण)

भेसळ नाही. तुरटी पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये नाही, म्हणून ती पुन्हा बाहेर पडते. तुरटीचा खडा ओल्या चेहऱ्यावर वेगळा फिरवा, धुवा, मग आफ्टरशेव्ह लावा. खडा प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. रक्ताला लागलेला खडा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर फिरवणं म्हणजे काविळीच्या ब विषाणूला वाट करून देणं. सलूनमध्येही हे ठणकावून सांगा.

मिश्रण दुधाळ झालं. (चिपळूण)

सुगंधी तेल जास्त झालं किंवा पाणी एकदम ओतलं. 100 मिलीला वाळ्याच्या तेलाचे 3-4 थेंब पुरेत.

रंगाच्या दुकानातलं स्पिरिट स्वस्त पडतं. चालेल का? (राजापूर)

नाही. त्यात मिथेनॉल असू शकतं. ते कातडीतून आणि वासातूनही शरीरात जातं आणि डोळ्यांची नस निकामी करू शकतं.

लिंबाची साल अल्कोहोलमध्ये मुरवून वापरतो. वास छान येतो, पण गालांवर काळपट ओघळ उठलेत. बागेतल्या उन्हानं असतील का? (देवगड)

उन्हानं आणि लिंबानं मिळून. हे पत्र वेगवेगळ्या गावांहून येत राहतं, आणि दर वेळी कोणीतरी सांगितलेलं असतं की लिंबानं रंग उजळतो. लिंबाच्या सालीत फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. लाली किंवा फोड बहुधा एक-दोन दिवसांनी येतात, त्यामुळे लिंबावर संशयच जात नाही. नंतर जिथं द्रव ओघळला होता नेमका तिथं काळा डाग उरतो आणि महिनोन् महिने जात नाही. साल अल्कोहोलमध्ये मुरवणं तर सगळ्यात वाईट, कारण अल्कोहोल ती द्रव्यं सालीतून ओढून घेतं.

रस पिळून लावणंही नको, ताज्या दाढीवर इतकं आम्ल कशाला? विकतच्या बाटलीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक लिंबू तेल’ एवढंच छापलेलं असतं. साल दाबून काढलेलं की वाफेनं ऊर्ध्वपातित, हे लिहीत नाहीत, आणि महत्त्वाचं तेवढंच असतं. वाफेनं काढलेल्या तेलात ही द्रव्यं जवळजवळ नसतात. लेबलवर उल्लेख नसेल तर घेऊ नका.

तुम्ही बागायतदार आहात, म्हणून आणखी एक. आंब्याचा चीक किंवा काजूच्या सालीचं तेल लागूनही फोड आणि काळे डाग येतात. तोडणीच्या दिवसांत हात साबणानं धुतल्याशिवाय दाढीला बसू नका. डागांवर घरचे लेप बंद करा, उन्हात टोपी घाला आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मुरवलेलं फेकून द्या.

विच हेझल मागवावं का? (अलिबाग)

गरज नाही. उत्तर अमेरिकेतल्या झुडपाचा तो तुरट अर्क आहे, तुरटपणा तुरटीनं मिळतो. मागवलाच तर जांभ्यातल्या विहिरीचं पाणी त्यात मिसळू नका. पाण्यात लोह असेल तर अर्कातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे मिश्रण काळपट होतं.

भीमसेनी कापूर घातला तर? घरात चार महिन्यांचं बाळ आहे. (वेंगुर्ले)

कापूर नको, आणि बाळ असेपर्यंत मेन्थॉलही नको. दोन्हींच्या उग्र वासानं तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो, आणि तुम्ही बाळाला गालाशी धरणारच. कापूर पोटात गेला तर झटके येतात. बाटली कुलपात ठेवा, समई आणि गॅसपासून लांब.

दाढीत गोल, खाजरा चट्टा आहे. आफ्टरशेव्हनं बरा होईल का? दुकानदारानं दिलेल्या ट्यूबनं दोनदा गेला, पुन्हा आला. (दापोली)

होणार नाही. लक्षणं गजकर्णाची वाटतात, आणि चट्टा असा जाऊन परत येतो तेव्हा ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. खाज दबते, बुरशी पसरत राहते. ट्यूब थांबवा, वस्तरा आणि टॉवेल वेगळा करा आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना ट्यूबचं खोकं सोबत न्या, म्हणजे आजवर नेमकं काय लावलं ते त्यांना कळेल.