माता-बाल आरोग्यासाठी राज्याची धोरणं सुधारावीत म्हणून सामान्य माणूस काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत राहता, आयटीत आहात, बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपवून नुकत्याच रुजू झालात. सगळ्याच बायकांसाठी सरकारने काहीतरी करावं म्हणून ऑनलाइन सह्या गोळा केल्या तर उपयोग होईल का, असा तुमचा प्रश्न आहे.

सह्यांचा फारसा होणार नाही. मी ठाण्यात परिचारिका होते, निवृत्तीनंतर एका महिला गटाबरोबर याच कामात आहे. ‘माता-बाल आरोग्य सुधारा’ या मागणीला कुठलाही मंत्री हसत हसत हो म्हणतो, निवेदन घेताना फोटोही काढून देतो. मागणी अशी हवी की उत्तर द्यायला समोरच्याला फाइल उघडावीच लागेल. आणि बऱ्याचदा नवी योजना मागायची गरजच नसते, जुन्याच शासन निर्णयातली एखादी ओळ मागायची असते.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम घ्या. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत आहे. जेवण नॉर्मलला 3 दिवस, सिझेरियनला 7 दिवस. घरून आणायला गाडी, मोठ्या दवाखान्यात हलवायला गाडी, परत घरी सोडायलाही गाडी. कागदावर काही कमी ठेवलेलं नाही.

प्रत्यक्षात एका सरकारी रुग्णालयात (नाव घेत नाही) बाळंतिणीच्या नवऱ्याच्या हातात कोऱ्या कागदाचा कपटा पडायचा: हातमोजे, सलाइनचा सेट, एक इंजेक्शन. सही नाही, शिक्का नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला मात्र अक्षर ओळखीचं. डिस्चार्जच्या दिवशी गाडी ‘आत्ताच गेली’, म्हणून टाके घातलेली बाई ठाण्याजवळच्या दिव्यापर्यंत रिक्षाने. आम्ही मोर्चा काढला नाही. बायकांकडून ते कपटे आणि मेडिकलची बिलं घेतली, प्रत्येकाला शासन निर्णयाची प्रत टाचली, आवक विभागात देऊन पोच घेतली. सोबत माहिती अधिकारात विचारलं: त्या महिन्यात या औषधांचा साठा किती होता, आणि घरी सोडणाऱ्या गाडीचं लॉगबुक बघायला मिळेल का? उत्तर यायच्या आधीच कपटे बंद झाले. गाडीचं रडगाणं अजून चालू आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे टेबल, म्हणजे कुठलं काम कुठल्या कार्यालयाकडे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, शहरातली प्रसूतिगृहं महापालिकेची, अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची. शहापूरच्या पाड्यावरची कातकरी बाई एका बाळंतपणात या सगळ्यांच्या हद्दी ओलांडते. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जातं. नाव एका अंगणवाडीत, पोटुशी बाई दुसऱ्या तालुक्यात, आणि आहार कोणी द्यायचा यावर दोन्हीकडे एकच उत्तर: ‘आमच्या यादीत नाही.’ चुकीच्या टेबलावर निवेदन दिलंत तर ते ‘पुढील कार्यवाहीसाठी वर्ग’ होतं आणि तुम्ही म्हातारे होता.

आता तुमच्या रजेविषयी, कारण खरी धोरणाची लढाई तिथे आहे असं माझं मत आहे. तुम्हाला 26 आठवडे पगारी मिळाले ते 2017 च्या कायदादुरुस्तीमुळे. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना त्यातला एक दिवसही लागू नाही. त्यांच्यासाठी आहे ती केंद्राची मातृवंदना योजना: पहिल्या बाळाला 5,000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6,000. नाक्यावरच्या मजुरीच्या हिशेबाने दहा-बारा दिवसांचे पैसे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान 6,000 असं लिहिलेलं आहे. तामिळनाडूने राज्याची भर घालून गरीब बाळंतिणीची मदत 18,000 रुपयांवर नेली. महाराष्ट्राने का नेऊ नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

शिवाय बांधकाम मजुरांचं कल्याणकारी मंडळ आहेच. नोंदणी असेल तर नॉर्मलला 15,000, सिझेरियनला 20,000. हा पैसा येतो बांधकाम खर्चावरच्या 1 टक्का उपकरातून, म्हणजे घोडबंदर रोडच्या आणि खारघरच्या टॉवरांतूनच. पण नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुर्भ्याच्या नाक्यावर उभी राहणारी बाई आज एका मुकादमाकडे, उद्या दुसऱ्याकडे. दाखला देणार कोण? ‘नाका कामगार स्त्रियांना वॉर्ड ऑफिसने ठरलेल्या मुदतीत दाखला द्यावा’ एवढी एकच ओळ मागा. वर्षभर पुरेल एवढं काम आहे ते.

पुरावा गोळा करायला कंटाळू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि 1999 मध्ये ते आकडे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. देशभर आशाताईंकडून घरभेटी सुरू झाल्या त्या 2011 मध्ये. म्हणजे इतका भक्कम पुरावा असूनही बारा वर्षं गेली. आपल्यासारख्यांनी दोन महिन्यांत चिडून चालत नाही.

सुरुवात आमदारांपासून करा. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे विधिमंडळात मंत्र्यांना उत्तर देणं टाळता येत नाही. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, तेव्हा नागपूरचं अधिवेशन तोंडावर आल्यावर पळापळ करू नका. प्रश्न एका विषयाचा, एका परिच्छेदात, मराठीत टाइप करून, सोबत शासन निर्णयाची प्रत आणि बिलं जोडून थेट त्यांच्या पीएच्या हातात द्या. त्यालाही दर अधिवेशनाला प्रश्न शोधायचेच असतात, आयता मिळाला तर तो सहसा नाही म्हणत नाही.