परभणीत राहून रेडिओवर बोलायला कोणाकडून शिकावं?

तुम्ही विचारलंय की परभणीत बी.ए. करता करता, पुण्या-मुंबईचा क्लास न लावता रेडिओ निवेदन शिकता येईल का, आणि सगळे जण आवाज चांगला आहे म्हणत असतील तर गुरू लागतोच का.

शिकता येतं. मी इथेच शिकले आणि पुढे काही वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक, म्हणजे कायम नोकरीत नसलेली निवेदिका म्हणून ड्यूट्या केल्या. गुरू मात्र लागतो. बोलताना आपलं बोलणं आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, ते ऐकून सांगणारं कोणीतरी हवं. चांगला आवाज हे तर फार थोडं भांडवल आहे.

परभणी, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, बीड, धाराशिव या सगळ्या ठिकाणी आकाशवाणीची केंद्रं आहेत. तिथून निवृत्त झालेले निवेदक बहुतेक त्याच शहरात राहतात, ग्रंथालयाच्या नाहीतर कॉलेजच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करताना भेटतात. त्यांच्याकडे नुसतं ‘मला रेडिओ शिकवा’ म्हणत जाऊ नका. 3 मिनिटांचं रेकॉर्डिंग घेऊन जा, मोबाइलवरचं चालेल, आणि सोबत त्याची संहिता कागदावर. ऐकता ऐकता मध्येच थांबवून ‘हे वाक्य परत लावा बरं’ म्हणणारा माणूस भेटला की त्याला सोडू नका. ‘आवाज गोड आहे’ म्हणून चहा पाजणाऱ्याकडून काही मिळत नाही. प्रमाणपत्राच्या फीपासून बोलणं सुरू करणाऱ्याकडून तर नाहीच.

मला ज्या सरांनी घडवलं, त्यांचा सगळा भर लिहिण्यावर होता. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची. कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञाच्या टिपणात ‘हेक्टरी 17.43 क्विंटल उत्पादन’ असं असेल, तर आपण ‘हेक्टरी साधारण साडेसतरा क्विंटल’ म्हणायचं. पण त्याच टिपणात फवारणीची मात्रा आली की तिथे ‘साधारण’ हा शब्दच काढायचा नाही. औषध किती मिलिलिटर, पाणी किती लिटर, हे आकडे जसेच्या तसे, सावकाश आणि दोनदा वाचायचे, कारण कोणीतरी बांधावर उभं राहून ते लक्षात ठेवत असतं. कुठला आकडा सैल करायचा आणि कुठला घट्ट धरायचा, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. सर प्रत्येक संहितेवर पेन्सिलीने खुणा करून ते दाखवायचे.

आता बोलीबद्दल. हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असणारच, कारण आपल्याकडच्या प्रत्येक पोराला तो छळतो. ‘पानी’, ‘कोन’, ‘साळा’ असं आपण घरी बोलतो. बातमी किंवा निवेदन वाचताना ण आणि श स्पष्ट हवेत. त्यासाठी रोज वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा आणि ऐका. एवढ्याने फरक पडतो. पण म्हणून पुण्याची लकब उचलू नका. आपल्या बोलण्याचा मराठवाडी हेल राहू द्या. त्या हेलामुळे जिंतूर-सेलूकडच्या माणसाला आपलं कोणीतरी बोलतंय असं वाटतं. मुलाखतीत समोरची मावशी ‘आमी कापूस येचायलो होतो’ म्हणाली तर तिचं वाक्य सुधारून पुन्हा म्हणून दाखवायचं नाही. तसं केलं की ती शहरी बोलायचा प्रयत्न करते आणि सांगायचं ते राहून जातं. या बाबतीत सर फार कडक होते आणि मीही आहे.

गावांची आणि माणसांची नावं त्या त्या गावच्या माणसाला विचारूनच घ्या. नाव चुकलं की ऐकणारा पुढचं ऐकत नाही.

तांत्रिक गोष्टी लवकर येतात. माइक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला, म्हणजे फ-भ-ख चा फुत्कार थेट आत जात नाही. पंखा बंद. खोली घुमत असेल तर भिंतीला गोधड्या टांगा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर संपादनाला पुरतं. जिथे रेकॉर्डिंग केलं तिथली अर्धा मिनिट नुसती शांतता वेगळी भरून घ्या, तुकडे जोडताना लागते. संहिता कागदाच्या एकाच बाजूला लिहा, आणि वाक्य पानाच्या शेवटी तुटू देऊ नका.

मुलाखत शिकायला मात्र वेळ लागतो. ‘म्हणजे ठिबकमुळे फायदा झाला ना?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘मग तुम्ही काय केलं?’ असं विचारून गप्प बसायचं. समोरचा थांबला तरी लगेच बोलायचं नाही. बऱ्याचदा त्या थांब्यानंतरच खरी गोष्ट येते. आपली मुलाखत गुरूसोबत बसून ऐकली की आपण किती ठिकाणी मध्ये तोंड घातलं ते दिसतं.

सरावासाठी कम्युनिटी रेडिओ उत्तम, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र. 2006च्या धोरणानंतर कॉलेजांबरोबर सामाजिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही असं केंद्र काढता येतं. ट्रान्समीटरची ताकद 100 वॅटपर्यंत, म्हणजे आवाज साधारण 10-15 किलोमीटर जातो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून करायचे अशी अट असल्याने त्यांना तुमच्यासारखी माणसं हवीच असतात. संभाजीनगरला एमजीएम (महात्मा गांधी मिशन) या शिक्षणसंस्थेचं असं केंद्र आहे. सुट्टीत तिथे विचारून बघा. स्वतःच्या बातम्या मात्र कम्युनिटी रेडिओला देता येत नाहीत, खासगी एफएमलाही नाहीत. बातमीपत्र वाचायचं असेल तर आकाशवाणीच.

तिथे नैमित्तिक निवेदकांची जाहिरात निघते. लेखी परीक्षा, स्वर चाचणी, मुलाखत, आणि निवड झाल्यावर वाणी प्रशिक्षण असा क्रम असतो. ही कायम नोकरी नव्हे. महिन्यात मोजक्या ड्यूट्या मिळतात, त्यावर घर चालत नाही, म्हणून बी.ए. सोडू नका. तुमच्या वयाला आकाशवाणीचा युववाणी हा कार्यक्रमही आहे, तो 15 ते 30 वयाच्या मुलामुलींसाठीच असतो. परभणी केंद्रात जाऊन युववाणी कोण बघतं ते विचारा आणि तेच 3 मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यांनाही ऐकवा.